संशोधन केस पेपरपर्यंत आणायचं कसं

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात मी समाजकार्यकर्ती म्हणून रुजू झाले, तेव्हा आमच्याकडे एक छापील अर्ज होता. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या प्रत्येकाकडून तो भरून घ्यायचा. 'मी स्वतःला इजा करणार नाही, तसं वाटलं तर आधी कळवीन,' आणि खाली सही, तारीख. सात वर्षं मी ही सही घेत होते. मला ते वरिष्ठांनी शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या वरिष्ठांनी. मग एका सकाळी कळलं की आदल्याच आठवड्यात सही करून गेलेली एक तरुणी अतिदक्षता विभागात आहे. ती वाचली. पंधरा दिवसांनी भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, त्या रात्री तुम्हाला फोन करावासा वाटला होता. पण सही केली होती ना मी. ती मोडतेय असं तोंडानं कसं सांगू?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं: या सहीचा उपयोग होतो, हे कुणी कधी तपासून पाहिलंय का?

शोधल्यावर जे हाती आलं ते असं. अशी सही घेऊन केलेल्या कराराचं मूळ १९७३ च्या एका लेखात सापडतं, आणि तिथे हेतू वेगळा होता. व्यक्तीनं 'काहीही झालं तरी मी स्वतःचा जीव घेणार नाही' असं वाक्य म्हणून बघावं, म्हणताना कुठे अडखळायला होतं ते पाहावं आणि त्यावरून धोका जोखावा, एवढीच ती कल्पना होती. पुढे तिचा अर्ज झाला, अर्जाची पद्धत झाली. करारानं आत्महत्या टळतात असा भरवशाचा पुरावा नंतरच्या आढाव्यांना सापडला नाही. मी सात वर्षं मनापासून जे करत होते, त्याला आधार होता तो फक्त सवयीचा.

हे लिहितेय ते नव्यानं कामाला लागलेल्या समाजकार्यकर्त्यांसाठी, आणि माझ्यासारखं उशिरा जागं झालेल्यांसाठीही. संशोधन वापरणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी टेबलाशी बसून दाखवलं नव्हतं. ते इथे दाखवायचा प्रयत्न करते.

आधी प्रश्न, आणि तो कुणाचा

'स्किझोफ्रेनियात कुटुंबाचा सहभाग महत्त्वाचा असतो का?' हा प्रश्न निबंधाला ठीक आहे, कामाला नाही. त्याचं उत्तर 'हो' येणार आणि सोमवारी सकाळी काय करायचं ते कळणार नाहीच. प्रश्नात चार गोष्टी आल्या पाहिजेत: कुणासाठी, काय करून, कशाच्या तुलनेत, आणि काय बदलावं म्हणून. म्हणजे असं: दोन वर्षांत तीनदा भरती झालेल्या तरुणाच्या घरच्यांबरोबर काही महिने ठरवून बैठका घेतल्या, तर नुसत्या औषधांच्या फॉलोअपपेक्षा पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येते का?

हा प्रश्न मी खऱ्या केससाठी लिहिला होता. चांगला बांधला म्हणून समाधान वाटलं. मग तो कागद मी त्या तरुणाला वाचून दाखवला. मराठीत आता 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' हे शब्द रुळले आहेत, आजाराशी झुंजणारा आणि त्याला सांभाळणारा. तर हा शुभार्थी म्हणाला, "भरती नको, हे आईला हवंय. मला नोकरी हवीय." चौथा मुद्दा, 'काय बदलावं', मी परस्पर ठरवून टाकला होता. दोन्ही प्रश्न खरे होते, आईचाही आणि त्याचाही. मग मी दोन कागद केले.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रश्न लिहून झाला की शोधायला बसण्याआधी तो त्या माणसाला वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतात. त्यातून पुढचे कित्येक तास चुकीच्या दिशेनं जाणं टळतं.

तासाभराचा शोध

आपल्याकडे दिवसभर शोधायला वेळ नसतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मार्गदर्शक तत्त्वं पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचा 'एमएच-गॅप' कार्यक्रम खास अशा ठिकाणांसाठी आहे जिथे तज्ज्ञ कमी आणि काम जास्त. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची तत्त्वंही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यानंतर पद्धतशीर आढावे, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून, गाळून, एकत्र तोललेले. आरोग्यासाठी 'कॉक्रेन' आणि सामाजिक हस्तक्षेपांसाठी 'कॅम्पबेल', या दोन संस्थांची नावं लक्षात ठेवा. कॉक्रेनच्या प्रत्येक आढाव्याला साध्या भाषेतला सारांश असतो, तो वाचायला पैसे पडत नाहीत. सुटे अभ्यास सर्वांत शेवटी, 'पबमेड' या वैद्यकीय लेखांच्या संकेतस्थळावर.

शोधायचे शब्द आधी कागदावर लिहा. मला 'नोकरी' शोधायची होती, पण संशोधक तिला 'सपोर्टेड एम्प्लॉयमेंट' (आधारासह नोकरी) म्हणतात, 'व्होकेशनल रिहॅबिलिटेशन' (कामातून पुनर्वसन) म्हणतात, आणि या दोन गोष्टी एक नाहीत हे मला वाचताना कळलं. पूर्ण लेख पैशांमागे अडकला असेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. बहुतेक जण पाठवतात, आणि कुणीतरी आपलं काम प्रत्यक्षात वापरतंय याचा त्यांना आनंद होतो.

आणखी एक सवय लावून घ्या. जे सापडावं असं वाटतंय, त्याच्या उलटही एकदा शोधा: 'याने अपाय होतो का?' आपल्या क्षेत्रात हा प्रश्न फार कमी विचारला जातो. आपण चांगल्या हेतूनं बोलतो, ऐकून घेतो, मग त्यात अपाय कसला? याचं उत्तर समाजकार्याच्या स्वतःच्या इतिहासात आहे. अमेरिकेत १९३९ मध्ये केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथल्या ५०६ मुलांच्या जोड्या लावून अर्ध्यांना समुपदेशक दिले गेले. ते घरी जात, अभ्यासात मदत करत, शिबिरांना पाठवत, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्या मुलांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांश लोक सांगत होते की आम्हाला उपयोग झाला. प्रत्यक्षात दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर आलेला मृत्यू अशा बाबतींत त्यांचीच स्थिती मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. 'लोक म्हणतात उपयोग झाला' हे वाक्य त्यानंतर मी पुरावा म्हणून लिहिलेलं नाही.

वाचताना बोट कुठे ठेवायचं

सारांशातली शेवटची ओळ वाचून लेख मिटू नका. कोण लोक होते, दुसऱ्या गटाला काय मिळालं, गट कसे पाडले, किती जण मध्येच सोडून गेले, आणि मोजलं काय, एवढं शोधा. आकडेवारीची भीती वाटत असेल तर ती बाजूला ठेवा. हे पाच प्रश्न गणिताचे नाहीत, आपल्या रोजच्या चौकशीचेच आहेत.

एक अभ्यास सोबत वाचू. करारावर शोधताना मला त्याचा पर्याय सापडला होता, सुरक्षा आराखडा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तो मांडला. यात 'करणार नाही' असं वचन नसतं, 'काय करेन' याचा क्रम असतो: संकट येतंय हे मला कशावरून कळतं, मी एकटी काय करू शकते, कुणाच्या सोबतीनं किंवा कुठे गेल्यानं मन दुसरीकडे वळतं, कुणाजवळ मदत मागू शकते, कोणत्या सेवेला फोन करायचा, आणि घर सुरक्षित कसं करायचं. २०१८ मध्ये त्याचा मोठा अभ्यास आला. आत्महत्येच्या संकटात आपत्कालीन विभागात आलेले १,६४० लोक, अमेरिकेतले माजी सैनिक. ज्यांना आराखडा आणि नंतर फॉलोअपचे फोन मिळाले, त्यांच्यात आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं.

'४५ टक्के' ऐकून मी खुर्चीत सरसावले होते. आता बोट ठेवून वाचा. सहा महिन्यांत नेहमीच्या सेवेत असलेल्यांपैकी ५.२९ टक्के लोकांत असं वर्तन दिसलं, आराखडा मिळालेल्यांत ३.०३ टक्के. म्हणजे शंभरातले साधारण पाच आणि शंभरातले तीन. दुसऱ्या भाषेत, सुमारे ४४ जणांबरोबर हे काम केलं की एका जणात असं वर्तन टळल्यासारखं. हा आकडा लहान वाटतो का? मला नाही वाटत. त्या एकाच्या घरी जाऊन आलेल्या माणसाला तो लहान वाटणार नाही. पण '४५ टक्के' ऐकून मनात जे चित्र उभं राहतं, ते हे नव्हे. पुढचा प्रश्न, गट कसे पाडले? चिठ्ठ्या टाकून नाही. काही रुग्णालयांत आराखडा दिला, काहींत नेहमीची सेवा. त्या रुग्णालयांत इतरही फरक असू शकतात. लोक कोण? बहुतांश पुरुष, माझ्यासमोरची तरुणी नव्हे. आणि काय दिलं? नुसता कागद नाही, कागद आणि फोन. हा शेवटचा मुद्दा मी पहिल्या वाचनात निसटू दिला होता. त्याच्याकडे परत येईन.

एवढ्या शंका असूनही आराखडा वापरावा का? मी 'हो' ठरवलं. करारामागे पुरावा नव्हता, आराखड्यामागे मध्यम ताकदीचा होता, अपायाची चिन्हं दिसली नाहीत, आणि त्यातली प्रत्येक पायरी त्या तरुणीला स्वतःच्या शब्दांत लिहिता येत होती. पुरावा तोलणं म्हणजे मला हेच वाटतं: हातात असलेल्या दोन पर्यायांमध्ये तुलना. परिपूर्ण अभ्यासाची वाट पाहत बसलो तर तोवर जुना अर्जच चालू राहतो.

आणि एका अभ्यासावर विसंबू नये, याचं उदाहरण उलट्या बाजूनं देते. मोठ्या अपघातानंतर लगेच लोकांना बसवून सगळं बोलायला लावणं, 'डिब्रीफिंग', एके काळी सगळीकडे चाले. १९९७ मध्ये भाजलेल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. तेरा महिन्यांनी, डिब्रीफिंग झालेल्यांत २६ टक्के लोकांना आघातोत्तर ताणविकार होता, न झालेल्यांत ९ टक्के. भयंकर वाटतं. पण नीट वाचलं तर डिब्रीफिंगच्या गटातले लोक मुळात जास्त गंभीर भाजलेले होते. तेवढ्यावरून निकाल देता आला नसता. नंतर कॉक्रेनच्या आढाव्यानं अनेक चाचण्या एकत्र तोलल्या आणि सांगितलं की एका बैठकीच्या डिब्रीफिंगनं विकार टळत नाही, ते सरसकट सर्वांना करू नये. तेव्हा गोष्ट पक्की झाली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते ती मानसिक प्रथमोपचाराची पद्धत: सुरक्षितता, निवारा, जवळच्यांशी गाठ घालून देणं, ऐकणं, आणि बोलायची बळजबरी न करणं.

कागदावरून माणसापर्यंत

आता त्या नोकरीवाल्या तरुणाकडे. आमच्या टीमचं मत ठाम होतं: आधी स्थिर होऊ दे, कार्यशाळेत बसू दे, सवय लागू दे, मग नोकरी. मीही हेच सांगत आले होते. संशोधन नेमकं उलटं निघालं. 'इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट' या पद्धतीत आधी खरी नोकरी, मग तिथेच आधार. युरोपातल्या सहा ठिकाणी गंभीर मानसिक आजार असलेल्या ३१२ लोकांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते. २००७ मध्ये निष्कर्ष आले. दीड वर्षाच्या काळात या पद्धतीतल्या ५५ टक्के लोकांनी किमान एक दिवस तरी नोकरी केली, प्रशिक्षण-आधी पद्धतीतल्या २८ टक्क्यांनी. 'किमान एक दिवस' हे शब्द गाळू नका. नोकरी टिकली असा त्याचा अर्थ होत नाही.

माझ्याकडे वेगळा रोजगार-तज्ज्ञ नव्हता, जो या पद्धतीत लागतो. अशा वेळी काय बदललं तर चालेल आणि काय बदललं तर ती पद्धतच उरत नाही, हे आधी लिहून काढा. माझ्या कागदावर असं होतं. न बदलण्याच्या गोष्टी: 'अजून तयार नाही' म्हणून कुणाला बाहेर ठेवायचं नाही, शोध लगेच सुरू करायचा, नोकरी त्याच्या आवडीची असावी, उपचार करणाऱ्या टीमशी रोजचा संबंध हवा, आणि नोकरी लागली की आधार बंद करायचा नाही. बदलता येण्याजोगं: भेटी किती वेळा, कुठे, मालकाशी कोण बोलणार. मी ते काम स्वतः केलं, आठवड्याचे दोन तास काढून. त्याला स्पष्ट सांगितलं, "अभ्यासात या कामाला वेगळा पूर्णवेळ माणूस होता. तुझ्यासाठी मी आहे, आणि माझ्याकडे इतर कामंही आहेत. तेव्हा तेवढाच निकाल येईल असं मी म्हणत नाही."

शुभार्थीला आकडे सांगताना टक्क्यांऐवजी माणसं मोजून सांगा. "तुझ्यासारखे दहा जण असतील तर या वाटेनं पाच-सहा जणांना काही तरी काम मिळालं, दुसऱ्या वाटेनं तिघांना." मग थांबा. बोलू नका. तो काय विचारतो ते ऐका. त्यानं विचारलं, "आजाराबद्दल मालकाला सांगावं लागेल का?" ते ठरवणं पूर्णपणे त्याच्या हातात होतं, आणि या पद्धतीतही ते तसंच असतं. त्यानं 'नाही' ठरवलं. माझं मत वेगळं होतं. मी ते एकदा सांगितलं आणि सोडलं. आईच्या कागदाचं काम वेगळं चाललं: 'नाइस' सुचवते तसं तीन महिने ते वर्षभराच्या काळात किमान दहा ठरलेल्या बैठका, शक्यतो तो स्वतः हजर असताना.

मोजायची वही

संशोधन सरासरी सांगतं. समोरचा माणूस सरासरीच्या कुठल्या बाजूला आहे ते फक्त मोजून कळतं. २०१२ मध्ये १२९ मानसोपचार व्यावसायिकांना विचारलं होतं की तुमच्या व्यवसायबंधूंच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात. एकानंही स्वतःला सरासरीपेक्षा खाली ठेवलं नाही. ही माणसं खोटारडी नव्हती, प्रामाणिकपणे तसं मानत होती. मीही मानत होते.

वही साधी ठेवा. नैराश्यासाठी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली घ्या: नऊ प्रश्न, ० ते २७ गुण, १० किंवा त्याहून जास्त झाले की लक्ष द्यायचं. काम सुरू करण्याआधी दोन-तीनदा भरून घ्या, म्हणजे चढउतार मुळातच किती आहे ते कळतं. मग दर दोन आठवड्यांनी. त्याच्या शेजारी त्या माणसाचं स्वतःचं एक माप लिहा: 'आठवड्यात किती दिवस घराबाहेर पडलो', 'किती रात्री सलग झोपले'. चौकटीच्या कागदावर ठिपके काढा आणि तो कागद त्यालाच दाखवा. सहा-आठ आठवड्यांत रेघ हलली नाही तर पद्धत बदला. माणसाला 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारू नका. हा शेरा मी फाइलींमध्ये फार वेळा वाचलाय, आणि फार थोड्या वेळा तो खरा होता.

पीएचक्यूच्या नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर तिथेच थांबून थेट विचारा: आत्महत्येचा विचार येतो का? विचारल्यानं विचार पेरला जाईल ही भीती मलाही होती. २००५ मध्ये २,३४२ शाळकरी मुलांच्या अभ्यासात काही मुलांना हे प्रश्न विचारले, काहींना नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही, आत्महत्येचे विचारही वाढले नाहीत.

जिथे अभ्यासच नाही तिथे? अशा जागा भरपूर आहेत. तेव्हा जवळचा पुरावा घ्या, मागे फिरता येईल असं छोटं पाऊल उचला, आणि किती दिवसांनी थांबून बघायचं ते आधीच त्या माणसाबरोबर ठरवा. केस पेपरवर 'याला थेट आधार नाही, अमुक कारणानं करतोय' असं लिहा. हे लिहायला कमीपणा वाटू देऊ नका.

अर्ज बदलताना

वरिष्ठांसमोर 'तुमचा अर्ज चुकीचा आहे' म्हणून मी गेले नाही. एक पान नेलं. वर ती तरुणी जे बोलली ते वाक्य, तिच्या परवानगीनं आणि नावाशिवाय. खाली करार आणि आराखडा यांच्यामागचा पुरावा, प्रत्येकी चार ओळी, त्यातल्या उणिवांसकट. आणि शेवटी एक विनंती: तीन महिने आराखडा वापरून पाहू, मग पुन्हा बसू. उणिवा मीच सांगितल्यामुळे वाद त्यावर झाला नाही. वाद झाला तो फोनवर. एका सहकाऱ्यानं विचारलं, "कागद भरू, पण फॉलोअपचे फोन कोण करणार?" प्रश्न रास्त होता. कागद ठेवायचा आणि फोन सोडायचे असं झालं असतं, तर अभ्यासात तपासलेली गोष्ट आम्ही केलीच नसती. आम्ही पुन्हा एका छापील अर्जावर सही घेत बसलो असतो.

म्हणून आमच्याकडे आता मंगळवार आणि शुक्रवार, सकाळचा पहिला अर्धा तास फोनचा असतो. पाळीपाळीनं, दोघं जण. समोर त्या व्यक्तीचा आराखडा उघडा ठेवायचा, आणि 'कसं चाललंय' असं मोघम न विचारता विचारायचं: यातली कुठली पायरी वापरली, कुठली जमली नाही, काय बदलू या? पहिल्या शुक्रवारी मी त्या तरुणीला फोन केला. तिनं तिसऱ्या पायरीतलं एक नाव खोडायला सांगितलं आणि दुसरं लिहायला.